विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या आयात-निर्यात किमती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्ड, इलेक्ट्रिक गिटार, ऑक्टोपॅड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा अशा वाद्यांचे दुकानदार, ऑर्केस्ट्रा चालवणारे, संगीतवर्ग घेणारे शिक्षक आणि परदेशात राहणारे वादक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीमाशुल्काच्या भाषेत ‘इलेक्ट्रिक वाद्य’ कशाला म्हणतात?

जगभरातील सीमाशुल्क खाती वस्तूंचे वर्गीकरण ज्या सामायिक पद्धतीने करतात, तिच्यात वाद्यांसाठी ९२ क्रमांकाचे प्रकरण आहे. त्यातील ९२०७ या शीर्षकाखाली ज्यांचा आवाज विजेने निर्माण होतो किंवा विजेने मोठा करावाच लागतो, अशी वाद्ये येतात. ९२०७ १० मध्ये कीबोर्ड, सिंथेसायझर, डिजिटल पियानो अशी पट्ट्यांची वाद्ये (ॲकॉर्डियन वगळून) आणि ९२०७ ९० मध्ये इलेक्ट्रिक गिटार, इलेक्ट्रॉनिक ड्रम व इतर सर्व वाद्ये मोडतात. या वाद्यांचे सुटे भाग ९२०९ ९४ मध्ये जातात. ‘करावाच लागतो’ यातला ‘च’ फार महत्त्वाचा आहे आणि त्यावरून होणारे वाद प्रश्न ११ मध्ये आले आहेत.

२. आयात किंमत आणि दुकानातली किंमत यांत एवढी तफावत का असते?

निर्यात करणारा देश सामान्यतः जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत मोजतो. भारत आयातीची नोंद करताना त्यात भाडे आणि विमाही धरतो. त्यामुळे एकाच खेपेचा आकडा इंडोनेशियाच्या निर्यातीत कमी आणि भारताच्या आयातीत जास्त दिसतो. यात लबाडी असेलच असे नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जहाजावर चढवलेल्या कीबोर्डची किंमत १०,००० रुपये आणि भाडे-विमा ६०० रुपये आहे. १०,६०० रुपयांवर १० टक्के मूळ सीमाशुल्क म्हणजे १,०६० रुपये, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १०६ रुपये आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक जीएसटी म्हणजे सुमारे २,११८ रुपये. न्हावा-शेवा बंदराच्या फाटकाबाहेर पडताना तो कीबोर्ड १३,८८४ रुपयांचा झालेला असतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्यातील जीएसटीची वजावट पुढे मिळते. सीमाशुल्क आणि अधिभार मात्र खर्चातच राहतात, आणि वितरक, दुकानदार व दुरुस्तीची हमी यांचा वाटा त्यानंतर चढतो.

आता त्याच कीबोर्डचे भाडे ६०० वरून २,००० रुपये झाले, तर फाटकावरची किंमत १,४०० रुपयांनी नव्हे तर सुमारे १,८३४ रुपयांनी वाढते, कारण शुल्क भाड्यावरही बसते. म्हणून आम्ही ‘कंपनीने दर वाढवला का?’ या प्रश्नाआधी ‘भाडे किती लागले?’ असे विचारतो.

३. किमतींचे अधिकृत आकडे कुठे पाहायला मिळतात?

भारताची आकडेवारी कोलकात्याचे वाणिज्यिक आसूचना व सांख्यिकी महासंचालनालय तयार करते आणि वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात माहितीपेढीवर ती आठ अंकी संकेतांकाने व देशवार शोधता येते. वर्ष एप्रिल ते मार्च असे धरलेले असते, त्यामुळे कॅलेंडर वर्षानुसार चालणाऱ्या परदेशी आकड्यांशी तुलना करताना जपावे लागते. देशादेशांची तुलना करायची असेल तर संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा साठा उपयोगी पडतो. अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय आणि बँक ऑफ जपान यांचे निर्देशांक वेगळ्या जातीचे आहेत. तेथे ठरावीक मालाचा प्रत्यक्ष व्यवहारातील भाव ठरावीक काळाने विचारला जातो. पहिल्या प्रकारच्या आकड्यांतून मिळते ती सरासरी, दुसऱ्यातून मिळतो तो भाव.

४. कीबोर्डची सरासरी आयात किंमत एका वर्षात वाढलेली दिसते. म्हणजे कीबोर्ड महागले, असेच ना?

असे लगेच म्हणता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. आयातीचे एकूण मूल्य भागिले एकूण नग, हे झाले एकक मूल्य. मुलांच्या शिकवणीसाठीचा छोटा कीबोर्ड आणि स्टुडिओतला लाखाच्या घरातला सिंथेसायझर दोघेही ९२०७ १० मध्येच बसतात, त्यामुळे त्या सरासरीत पेटीत काय आले हे कळत नाही.

पुन्हा कल्पित आकडे घेऊ. पहिल्या वर्षी ४,००० रुपयांचे ९०० छोटे कीबोर्ड आणि ६०,००० रुपयांचे १०० मोठे आले. एकूण मूल्य ९६ लाख रुपये आणि सरासरी ९,६०० रुपये. दुसऱ्या वर्षी दोन्हींचे भाव जराही बदलले नाहीत, मात्र छोटे ५०० च आले. एकूण मूल्य ८० लाखांवर उतरले, नग ६०० झाले आणि सरासरी १३,३३३ रुपयांवर गेली. एकाही वाद्याचा भाव एका पैशाने न हलता किंमत सुमारे ३९ टक्क्यांनी ‘वाढली’. असा मथळा वाचून घाईने साठा करणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत.

यावर थोडाफार उपाय आहे. देशवार आकडे वेगळे काढावेत, कारण चीन किंवा इंडोनेशियातून येणारा माल आणि स्वीडन किंवा इटलीतून येणारा माल हे मुळातच वेगळ्या थरातले असतात. एका देशाच्या आकड्यांत नगसंख्या आणि सरासरी उलट दिशांना गेल्या, तर बदल मालाच्या मिश्रणात झाला असावा, असा संशय प्रथम घ्यावा. आणि शक्य असेल तर एकाच मॉडेलची जुनी-नवी बीजके समोर ठेवावीत, कारण त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

५. लांब पल्ल्याचा विचार केला तर ही वाद्ये स्वस्त झाली की महाग?

खऱ्या अर्थाने, म्हणजे महागाई वजा करून पाहिले तर, ती पुष्कळ स्वस्त झाली आहेत. १९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिची किंमत २४९.५० डॉलर होती. अमेरिकेतील महागाई धरली तर आजचे ते सुमारे ३,००० डॉलर होतात. त्याच घडणीची आशियात बनलेली गिटार आज याच्या लहानशा अंशात मिळते. यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर १९८३ साली जपानमध्ये २,४८,००० येनला आणि अमेरिकेत १,९९५ डॉलरला विकला गेला, आणि त्या काळी तो स्वस्त मानला गेला. त्याचा आवाज आज साध्या संगणकावरही काढता येतो.

ही घसरण एका दमात झालेली नाही. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी बड्या देशांनी केलेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला. डॉलरला सुमारे २४० येन हा दर तीनेक वर्षांत १२५ च्या आसपास आला आणि जपानमध्ये बनलेली गिटार अमेरिकी गिऱ्हाइकाला परवडेनाशी झाली. मग काम कोरियात गेले, तेथील मजुरी वाढल्यावर कोरियन कारखानदार इंडोनेशिया आणि चीनमध्ये गेले. फेंडरने १९८० च्या दशकातच कॅलिफोर्नियापासून फार दूर नसलेल्या मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कारखाना काढला. आयातीच्या आकड्यांत हे सारे ‘किंमत घटली’ असे दिसते. खरे तर कारखान्याने पत्ता बदललेला असतो.

६. येन एवढा घसरला, मग जपानी कंपन्यांचे कीबोर्ड भारतात स्वस्त का झाले नाहीत?

येन २०२२ च्या आरंभी डॉलरला ११५ च्या आसपास होता आणि जुलै २०२४ मध्ये १६१ च्याही पलीकडे घसरला. तरीही दुकानातला भाव उतरला नाही, याचे पहिले कारण असे की नाव जपानी असले तरी आपल्याकडे येणारा बहुतेक माल इंडोनेशिया, चीन, मलेशिया येथे बनतो आणि त्याचे व्यवहार बहुधा डॉलरमध्ये होतात. दुसरे कारण म्हणजे आपला रुपयाही डॉलरपुढे टिकला नाही. जुलै २०२२ मध्ये त्याने ८० चा आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० चा टप्पा ओलांडला. ८० वरून ९० म्हणजे रुपयात साडेबारा टक्के वाढ, आणि शुल्क टक्केवारीने असल्यामुळे तेही त्याच प्रमाणात वाढते. तिसरे कारण व्यापारी स्वभावाचे आहे : दर चढला की नव्या खेपेबरोबर किंमत चढते, दर उतरला की ‘जुना साठा संपू द्या’ असे उत्तर मिळते.

जपानमधील हमामात्सू या वाद्यनिर्मितीच्या शहरातच घडवलेले महागडे वाद्य घेणाऱ्याला येनच्या घसरणीचा काही लाभ मिळू शकतो, पण असे गिऱ्हाईक विरळ.

७. २०२० ते २०२३ या काळातील चढउताराचे कारण केवळ कोविड होते का?

नाही, तीन गोष्टी एकावर एक आल्या. घरी अडकलेल्या लोकांनी जगभर गिटार आणि कीबोर्ड घेतले, त्यामुळे मागणी वाढली. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई समूहाच्या चिप-कारखान्याला आग लागली आणि अंकीय ध्वनीचे प्रत्यक्ष आवाजात रूपांतर करणाऱ्या चिपांचा एक मोठा स्रोत बंद पडला. आधीच सुरू झालेल्या चिपटंचाईत ही भर होती आणि वाद्यांच्या कंपन्यांना तिची झळ विशेष बसली. त्यातच २०२१ मध्ये कंटेनरची भाडी कित्येक पटींनी चढली. कीबोर्ड हे वजनाच्या मानाने जागा फार अडवणारे वाद्य असल्यामुळे भाडेवाढीचा फटका त्याला विशेष बसतो (हिशेब प्रश्न २ मध्ये). पुढे मागणी ओसरली, गोदामे भरलेली राहिली आणि २०२३ मध्ये पाश्चात्त्य बाजारांत सवलतींचे फलक लागले.

२०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपातून येणाऱ्या मालाला आफ्रिकेला वळसा पडला. पूर्व आशियातून भारताकडे येणारी जहाजे त्या वाटेने येतच नाहीत. त्यामुळे ‘लाल समुद्रामुळे चीनचा कीबोर्ड महागला’ असे कोणी सांगितले, तर नकाशा उघडून दाखवावा. फार तर कंटेनर आणि जहाजे दुसरीकडे अडकल्यामुळे होणारा अप्रत्यक्ष परिणाम मान्य करता येईल.

८. इंडोनेशियात बनलेला आणि चीनमध्ये बनलेला सारखाच कीबोर्ड वेगवेगळ्या किमतीला का पडतो?

आसियान देशांशी भारताचा वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. जपानशी असा करार १ ऑगस्ट २०११ पासून आणि कोरियाशी १ जानेवारी २०१० पासून आहे. चीनशी असा सर्वंकष करार नाही. करारातील सवलत लागू असलेल्या मालाला मूळ सीमाशुल्क कमी पडते किंवा पडतच नाही. मात्र केवळ इंडोनेशियाच्या बंदरातून माल निघाला म्हणून भागत नाही. आसियान करारात साधारणपणे किमान ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशातील असावे लागते, आणि सुट्या भागांचे वर्गीकरण बदलण्याइतकी प्रक्रिया तेथे झालेली असावी लागते. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार उगमाचे प्रमाणपत्र हाती असले तरी त्यामागची माहिती आयातदाराने स्वतः बाळगणे आवश्यक आहे. ‘पुरवठादाराने कागद दिला होता’ हे उत्तर आता पुरत नाही.

९. भारतात कीबोर्ड बनू लागल्याचा आकड्यांवर काय परिणाम होतो?

यामाहाचा चेन्नईजवळचा कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. स्वस्त श्रेणीतील वाद्ये येथेच बनू लागली की आयातीत महागड्यांचे प्रमाण वाढते आणि सरासरी आपोआप चढते. म्हणजे प्रश्न ४ मधलेच कोडे वेगळ्या वाटेने येते. त्याच वेळी ९२०९ ९४ खालील सुट्या भागांची आयात वाढू शकते. दोन्ही शीर्षके शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

१०. भारतातून अशा वाद्यांची निर्यात होते का? आणि भाव कसा ठरतो?

होते, परंतु परदेशात भारतीय वाद्य म्हटले की मुख्यतः सतार, तबला, हार्मोनियम ही विजेविना वाजणारी वाद्ये जातात. विजेवरच्या वाद्यांत आपले खरे वैशिष्ट्य इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालयंत्र हे आहे. बंगळूर हे त्यांचे जुने केंद्र. न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंत शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या भारतीय घरांत ही यंत्रे पोहोचली आहेत. या मालाला परदेशी स्पर्धक जवळपास नाही, म्हणून भाव टिकून राहायला हवा होता. पण त्याला मोबाइलवरील ॲपने गाठले (प्रश्न १६).

रुपया घसरला की निर्यातदाराला डॉलरमागे जास्त रुपये मिळतात, तथापि आयात केलेल्या चिपही महागतात आणि अनुभवी खरेदीदार लगेच डॉलरमधील भाव कमी करून मागतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्याच सुमारास जपानी मालावर ते १५ आणि इंडोनेशियन मालावर १९ टक्के होते. ८०० डॉलरपर्यंतच्या टपालाला मिळणारी शुल्कमाफीही तेव्हाच संपली आणि भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबवली होती. एकेक यंत्र टपालाने पाठवणाऱ्या छोट्या विक्रेत्यांच्या दृष्टीने हा शुल्काइतकाच मोठा धक्का होता.

११. मिरजेच्या सतारीला पिकअप (तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) बसवून पाठवली, तर ती इलेक्ट्रिक वाद्य ठरते का?

ठरत नाही, जर ती पिकअपशिवायही नेहमीसारखी वाजवता येत असेल. वर्गीकरणाच्या स्पष्टीकरणात्मक टिपांनुसार, विजेचा भाग काढला तर जे वाद्य नेहमीच्या वादनाला निरुपयोगी ठरते, तेच ९२०७ मध्ये जाते. मग तारेचा क्षीण आवाज येत असला तरी चालतो. पोकळ भोपळ्याची सतार, पिकअप असलेली अकूस्टिक गिटार ही स्वयंपूर्ण वाद्ये असल्याने तंतुवाद्यांच्या ९२०२ या शीर्षकातच राहतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे बीजकावर वर्णन अचूक लिहिणे आता अधिकच हिताचे आहे. भोपळाविरहित, भरीव लाकडाची ‘ट्रॅव्हल सतार’ मात्र बहुधा ९२०७ मध्ये जाईल.

मिरवणुकीतल्या ‘बॅन्जो’लाही हाच निकष लावावा. हे वाद्य म्हणजे मुळात १९१२ च्या सुमारास नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतोचे भारतीय रूप. आपल्या बॅन्जो पार्ट्यांनी त्याला वीज जोडून इतके आपलेसे केले की त्याच्या जपानी मुळाची आठवण कोणाला उरली नाही.

१२. गिटारबरोबर अॅम्प्लिफायर आणि पेडल आले, तर सगळे एकाच शीर्षकात जाते का?

जात नाही. ९२ व्या प्रकरणाच्या टिपेनुसार वाद्याच्या पेटीत अंगभूत नसलेले अॅम्प्लिफायर, मायक्रोफोन, स्पीकर, हेडफोन विद्युत उपकरणांच्या ८५ व्या प्रकरणात मोजले जातात. कीबोर्डमध्ये बसवलेला स्पीकर कीबोर्डचाच भाग ठरतो, पण शेजारी ठेवलेला ठरत नाही. म्हणून ‘वाद्यांची बाजारपेठ’ मोजताना केवळ ९२०७ पाहिले, तर बँडच्या खर्चाचा मोठा भाग दृष्टीआड राहतो. शिवाय अॅडॉप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आणि ब्लूटूथ असलेल्या वाद्याला बिनतारी उपकरणांची मान्यता लागते. हा खर्च थोड्या नगांवर वाटला गेला तर नगामागे चांगलाच जाणवतो.

१३. खेळण्यातला कीबोर्ड स्वस्त असूनही त्यावर शुल्क जास्त का?

खेळण्याच्या स्वरूपाची वाद्ये ९२ मधून वगळून ९५०३ मध्ये टाकली आहेत. खेळण्यांवरील मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता-प्रमाणनही सक्तीचे झाले. त्यामुळे काही जण खेळण्याला ‘वाद्य’ म्हणवून आणतात आणि अडकतात. पट्ट्यांचा आकार, सुरांची अचूकता, वेष्टनावर लिहिलेले वय हे सर्व तपासले जाते.

१४. लाकडावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे गिटारच्या किमती वाढल्या का?

काही काळ वाढल्या. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या डालबर्जिया वंशातील सर्व जाती साइट्स कराराच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि बोटे ठेवायची शिसवाची पट्टी असलेल्या तयार गिटारलाही परवाना लागू लागला. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना त्याच वर्षी पाउ फेरो लाकडाची पट्टी लावली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलचे शिसव मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट नाही.

१५. परदेशातून येताना गिटार सोबत आणली किंवा स्वतःचे वाद्य कार्यक्रमाला नेले, तर शुल्क पडते का?

नवी गिटार बॅगेजच्या शुल्कमुक्त मर्यादेत बसवता येते. २०१६ च्या नियमांत बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये ठेवली होती आणि तिच्या वरच्या रकमेवरच शुल्क पडत असे. स्वतःचे महागडे वाद्य बाहेर नेताना मात्र विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. नाहीतर परतताना ते वाद्य येथूनच नेले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वादकावर येते. आकडेवारीत असा माल सहसा दिसत नाही, म्हणूनच दुबईहून सामानातून येणारी वाद्ये किती, याचा अंदाज आयातीच्या आकड्यांवरून करता येत नाही.

१६. संगणकावर उतरवून घेतलेली वाद्ये या आकड्यांत कुठे दिसतात?

कुठेच नाहीत. १९९८ पासून जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य इलेक्ट्रॉनिक प्रेषणावर सीमाशुल्क न लावण्याचा निर्णय वेळोवेळी पुढे चालू ठेवत आले. शिवाय उतरवून घेतलेले ॲप किंवा सिंथेसायझरचे सॉफ्टवेअर हा वस्तूंच्या व्यापाराचा भागच नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची निर्यात घटलेली दिसली, तर तानपुऱ्याचा सूर कमी झाला असे समजू नये. तो पेटीतून निघून फोनमध्ये गेलेला असू शकतो.

१७. जुना, दुर्मीळ सिंथेसायझर किंवा गिटार मागवायची आहे. तो ‘पुरातन वस्तू’ म्हणून सवलतीत येतो का?

पुरातन वस्तूंचे ९७०६ हे शीर्षक शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी आहे. रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ या नावाने ओळखली जाणारी आरंभीची इलेक्ट्रिक गिटार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे खुद्द तिलाही अजून शंभरी गाठायची आहे. व्यापारासाठी वापरलेली वाद्ये आणायची असतील तर आणखी एक अडथळा आहे : परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या मालाची आयात मर्यादित श्रेणीत येते आणि तिच्यासाठी आधी परवाना घ्यावा लागतो. शुल्क ठरवताना वापरलेल्या वाद्याचे मूल्य अधिकारी स्वतंत्र मूल्यमापकाकडून तपासून घेऊ शकतात. त्यामुळे लिलावाची पावती, वाद्याचा अनुक्रमांक आणि दुरुस्तीची बिले मालाबरोबरच पाठवण्यास विक्रेत्याला सांगावे.